मैदानाबाहेरून : छत्तीस वर्षांचा पिचर हवाय का?

दोस्तांनो, या वेळी पत्रांच्या गठ्ठ्यात एक जाडजूड पाकीट होतं. आठवीतल्या एका वाचकाचं. सुट्टीत तो अमेरिकेत मिशिगन राज्यात आपल्या काकांकडे जाऊन आला. तो लिहितो, "रोज जेवताना काकांचं आणि माझ्या चुलतभावाचं भांडण ठरलेलं. डेट्रॉईट टायगर्स या त्यांच्या बेसबॉलच्या टीमने एक जुना, सध्या मार खाणारा पिचर दुसऱ्या टीमकडून घ्यावा, असं दादाचं म्हणणं. काका म्हणायचे, मुळीच नको! मला वाटलं होतं, काका म्हाताऱ्याची बाजू घेतील आणि दादा तरुणांची. पण झालं उलटंच. शेवटी काकांनी टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, 'स्मोल्ट्झ!' बस्स, दादा गप्प. हा स्मोल्ट्झ कोण?"

मस्त प्रश्न आहे. आजचं सगळं पान या प्रश्नालाच देऊन टाकतो.

आधी थोडी तयारी. बेसबॉल आपल्याकडे कुणी फारसं खेळत नाही, पण क्रिकेट कळतं त्याला हा खेळ कळायला अर्धा तास पुरे. चेंडू टाकणारा तो पिचर. तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो, आणि समोरचा गोल दांडक्याने तो टोलवतो. डाव नऊ. पिचर नऊ डावांमागे सरासरी किती धावा देतो, यावरून त्याची किंमत ठरते. हा आकडा ३ च्या खाली असला तर पिचर उत्तम, ४ च्या आसपास असला तर ठीकठाक. ५ च्या वर गेला की प्रेक्षक कपाळाला हात लावतात. बाकी नियम पुढे कधीतरी.

आता 'ट्रेड'. तिथे एक टीम दुसऱ्या टीमला आपला खेळाडू देते आणि बदल्यात तिचा घेते. शाळेत आपण क्रिकेटपटूंची कार्डं बदलायचो ना, अगदी तसंच. फरक एवढाच की इथे कार्डाऐवजी जिवंत माणूस असतो. (त्यावर पुढे बोलू.) हंगाम अर्ध्याच्या पुढे गेला की टीम्सचे दोन गट पडतात. काहींना जिंकायची आशा असते, काहींची संपलेली असते. आशा संपलेल्या टीमकडे एखादा अनुभवी, महागडा पण सध्या चाचपडणारा खेळाडू असतो. आशा असलेल्या टीमकडे असतात दुय्यम लीगमध्ये तयार होणारी कोवळी पोरं. मग सौदा होतो : तुमचा म्हातारा आम्हाला द्या, आमचं पोरगं तुम्ही घ्या.

आणि गावभर भांडणं सुरू होतात!

चला, डेट्रॉईटला जाऊ. साल १९८७, महिना ऑगस्ट. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. तिथली टायगर्स टीम १९८४ साली वर्ल्ड सीरिज जिंकलेली, म्हणजे या खेळातलं सर्वात मोठं अजिंक्यपद तिच्या नावावर होतं. स्पार्की अँडरसन नावाचा पांढऱ्या केसांचा मॅनेजर. १९८७ मध्ये टायगर्सची कॅनडातल्या टोरांटोच्या ब्लू जेज टीमशी घासून स्पर्धा चालू होती. त्या काळी २६ टीम्सपैकी फक्त ४ बाद फेरीत जायच्या. सात टीम्सच्या गटातून पहिली येणारी पुढे, दुसरी घरी. १६२ सामने खेळून एका सामन्याने मागे राहिलात तरी घरीच.

टायगर्सना एक पिचर कमी पडत होता. आणि अटलांटा ब्रेव्हज या तळाकडे घसरलेल्या टीमकडे एक पिचर होता : डॉइल अलेक्झांडर. वय ३६. त्या हंगामात त्याच्या खात्यावर ५ विजय आणि १० पराभव होते, आणि सरासरी ४.१३. त्याच्या चेंडूला फारसा वेगही नव्हता. वेग कमी-जास्त करून आणि नेमक्या कोपऱ्यात चेंडू टाकून तो फसवायचा. असा माणूस घ्यायचा का?

बदल्यात अटलांटाने मागितला २० वर्षांचा एक मुलगा. नाव जॉन स्मोल्ट्झ.

आता नीट ऐका, कारण गोष्ट सांगताना लोक नेमका हा भाग गाळतात. त्या वेळी स्मोल्ट्झसुद्धा मारच खात होता! ग्लेन्स फॉल्स या गावच्या दुय्यम टीममध्ये त्याचे ४ विजय, १० पराभव होते, आणि सरासरी ५.६८. म्हणजे कागदावर पाहिलं तर म्हातारा बरा आणि पोरगा वाईट. त्या दिवशी डेट्रॉईटच्या चौकात तुम्ही उभे असता आणि कुणी तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्हीही 'द्या की त्या पोराला' असंच म्हणाला असता. मी तर नक्कीच म्हणालो असतो.

पण हा पोरगा परका नव्हता. मिशिगनमध्येच जन्मलेला, लॅन्सिंग शहरात वाढलेला. लहानपणापासून टायगर्सचा भक्त. त्याचे आजोबा टायगर स्टेडियमवर काम करायचे. १९८५ साली त्याच टीमने निवडलं तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं असणार. आणि १२ ऑगस्ट १९८७ ला सौदा झाला. बॅग भर आणि अटलांटाला जा. ही गोष्ट त्याला फार लागली, असं त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे.

इकडे डेट्रॉईटमध्ये काय झालं? चमत्कार! अलेक्झांडरने टायगर्ससाठी ११ सामने सुरू केले. ते अकराच्या अकरा सामने टीमने जिंकले. त्याच्या स्वतःच्या नावावर ९ विजय आणि पराभव शून्य. सरासरी १.५३! तोच माणूस, तोच हात, तोच सप्टेंबर सगळ्यांना.

असं का होतं? पडक्या टीमकडून खेळताना मागचे क्षेत्ररक्षक झेल सोडतात, फलंदाज धावा काढत नाहीत आणि खेळाडूचं मनही लागत नाही. जिंकणाऱ्या टीममध्ये आला की तोच खेळाडू ताठ उभा राहतो. पण हे नेहमीच होतं असं नाही. खरी गोम इथेच आहे. 'चाचपडणारा' दिसणारा खेळाडू खरंच संपलाय की नुसता कंटाळलाय, हे बाहेरून ओळखायचं कसं? त्याचा खांदा दुखतोय की टीम दुखतेय? हे सांगता आलं असतं तर चाहत्यांना भांडायला विषयच उरला नसता.

हंगामाचा शेवट तर सिनेमात शोभेल असा झाला. शेवटचा आठवडाभर बाकी असताना टोरांटो साडेतीन सामन्यांनी पुढे होती. २७ सप्टेंबरला अलेक्झांडर टोरांटोविरुद्ध नऊ डाव उलटून गेले तरी चेंडू टाकतच होता, आणि टायगर्सनी १३ व्या डावात सामना मारला. मग टोरांटोला जी गळती लागली ती थांबेचना. त्यांनी ओळीने सात सामने गमावले. शेवटचे तीन सामने याच दोन टीम्समध्ये, डेट्रॉईटला. पहिला, शुक्रवारी, कोणी जिंकून दिला? बरोबर, अलेक्झांडरने : ४-३. शनिवारी बारा डाव खेळून ३-२. रविवारी, ४ ऑक्टोबरला, फ्रँक टनाना या पिचरने टोरांटोला एकही धाव दिली नाही आणि लॅरी हर्नडनच्या एका होमरनवर टायगर्स १-० जिंकले. ९८ विजय. टोरांटोचे ९६. संपलं!

तुमचे काका तेव्हा तिथे असतील तर विचारा त्यांना. त्या रविवारी लोक रस्त्यावर नाचले असणार. आणि त्या दिवशी कुणालाही स्मोल्ट्झचं नावसुद्धा आठवत नव्हतं.

पुढे बाद फेरीत टायगर्सची गाठ मिनेसोटा ट्विन्सशी पडली. अलेक्झांडर दोन सामन्यांत उतरला आणि दोन्ही हरला. ट्विन्स ४-१ ने जिंकले, आणि पुढे वर्ल्ड सीरिजही त्यांनीच नेली. १९८८ मध्ये अलेक्झांडरने १४ सामने जिंकले, १९८९ मध्ये १८ हरला आणि निवृत्त झाला. टायगर्स त्या वर्षी १०३ सामने हरले. त्यानंतर ही टीम बाद फेरीत पोहोचली ती थेट २००६ साली. एकोणीस वर्षांनी! ज्या मुलाने १९८७ चा तो रविवार वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला असेल, त्याला तोवर स्वतःची मुलं झाली असतील.

आणि तो अटलांटाला गेलेला पोरगा? त्याच्याकडून लिओ मझोनी या प्रशिक्षकाने घोटून घेतलं. १९९१ पासून अटलांटाने गट जिंकायला जी सुरुवात केली ती २००५ पर्यंत. फक्त १९९४ चं वर्ष संपामुळे अर्धवट राहिलं, ते सोडा. १९९५ ला वर्ल्ड सीरिज. १९९६ ला स्मोल्ट्झने २४ सामने जिंकून साय यंग पुरस्कार मिळवला, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम पिचर. पुढे कोपराची शस्त्रक्रिया झाली, तर गडी शेवटच्या डावात येऊन सामना संपवणारा पिचर बनला. कारकिर्दीत २१३ विजय आणि १५४ वेळा टीमची आघाडी टिकवून सामना संपवला. दोनशेहून जास्त विजय आणि दीडशेहून जास्त 'सेव्ह' करणारा तो एकटाच. २०१५ साली त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

तर काकांनी टेबलावर हात आपटला तो हा.

पण थांबा, काकांना जिंकलं असं इतक्यात म्हणू नका. दादाच्या बाजूनेही एक साक्षीदार आहे, आणि तोही डेट्रॉईटचाच. जस्टिन व्हरलँडर. २०१७ साली तो ३४ वर्षांचा होता आणि टायगर्सची टीम ढासळलेली होती. हंगामाच्या सुरुवातीला त्याला बराच मार पडला होता. त्याचा पगार प्रचंड होता, तेव्हा म्हातारपणात हे ओझं कोण उचलणार? ह्यूस्टन ॲस्ट्रोज टीमने उचललं. ३१ ऑगस्टची मध्यरात्र ही मुदत होती, आणि सौदा पक्का झाला तेव्हा मुदत संपायला काही सेकंद उरले होते! या वेळी म्हातारा देणारी टीम डेट्रॉईट होती आणि बदल्यात तीन पोरं घेणारीही.

ह्यूस्टनमध्ये अतिशय वेगवान कॅमेऱ्यातून चेंडू बोटांतून सुटताना पाहून त्याने आपला वळणारा चेंडू सुधारला. उरलेले पाच सामने खेळला, पाचही जिंकला, सरासरी १.०६. ह्यूस्टनने वर्ल्ड सीरिज घेतली. पुढे २०१९ आणि २०२२ मध्ये व्हरलँडरला साय यंग मिळाला, म्हणजे दुसऱ्या वेळी वय ३९! आणि ती तीन पोरं? त्यांतला पिचर सर्वात मोलाचा समजला जात होता. तो दुखापतींत अडकला आणि मुख्य लीगपर्यंत पोहोचलाच नाही. यष्टिरक्षकासारखा जो कॅचर असतो, तो मात्र टायगर्सना उपयोगी पडला. (इथे एक काळा डागही सांगायला हवा. २०१७ मध्ये ह्यूस्टनचे फलंदाज कॅमेऱ्याने समोरच्यांच्या खुणा चोरत होते, हे नंतर उघड झालं. २०२० मध्ये टीमला ५० लाख डॉलर दंड झाला. त्यामुळे त्या अजिंक्यपदाकडे लोक अजून तिरकेच पाहतात.)

आता सांगा, काका बरोबर की दादा?

गंमत अशी की दोन्ही बाजूंना पुरावे ढिगाने मिळतात. न्यूयॉर्क मेट्स टीमने १९७१ च्या डिसेंबरमध्ये जिम फ्रेगोसी हा नावाजलेला पण दुखण्याने घसरलेला खेळाडू घेतला आणि बदल्यात चार पोरं दिली. फ्रेगोसीचा सरावातच अंगठा मोडला, आणि दीड हंगामात त्याला विकून टाकावं लागलं. चार पोरांतला एक होता नोलन रायन. तो वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला आणि त्याने ५,७१४ फलंदाज बाद केले. हा विक्रम कुणाला मोडता आलेला नाही. मेट्सच्या चाहत्यांपुढे अजून हे नाव काढायची सोय नाही.

उलट आपल्याकडचं उदाहरण घ्या. अजिंक्य रहाणे २०२२ च्या आयपीएलमध्ये सात सामन्यांत १३३ धावा काढून बाजूला पडला होता. चेन्नईने लिलावात त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीला घेतलं, तेव्हा कट्ट्याकट्ट्यावर लोक हसले. ८ एप्रिल २०२३ ला वानखेडेवर त्याने १९ चेंडूंत पन्नास ठोकल्या. त्या वर्षी चेन्नई विजेती झाली आणि रहाणे भारताच्या कसोटी संघात परतला. पण नीट पाहा : चेन्नईने त्याच्यासाठी कुठला कोवळा खेळाडू दिला नव्हता. फुकटात संधी घेणं वेगळं आणि बदल्यात स्मोल्ट्झ देणं वेगळं. माझ्या मते चाहते इथेच घोटाळा करतात. 'म्हातारा चांगला खेळेल का?' यावर ते तासन्‌तास भांडतात. 'बदल्यात काय देताय?' हे विचारायचं राहून जातं.

आणि पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठीही. मघाशी कार्डांचं उदाहरण दिलं तेव्हा मुलं हसली असतील. सेंट लुईसच्या कर्ट फ्लड या खेळाडूला मात्र हसू आलं नाही. बारा हंगाम एकाच टीमकडून खेळल्यावर १९६९ साली त्याला फिलाडेल्फियाला पाठवायचं ठरलं, त्याला न विचारता. तो म्हणाला, मी जाणार नाही, मी काही विकायची वस्तू नाही. कोर्टात गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला, त्याची कारकीर्दही संपली. पण पुढच्याच वर्षी नियम आला : दहा वर्षं मुख्य लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीममध्ये काढलेल्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध कुठे पाठवता येणार नाही. २०१७ मध्ये व्हरलँडर 'नाही' म्हणू शकत होता, ते या नियमामुळे. वीस वर्षांच्या स्मोल्ट्झला तो हक्क नव्हता.

स्मोल्ट्झच्या दोन आठवणी सांगितल्याशिवाय हे पान संपवता येत नाही.

पहिली. लहानपणी त्याचा लाडका खेळाडू म्हणजे टायगर्सचा पिचर जॅक मॉरिस. १९८९ आणि १९९० मध्ये मॉरिसही घसरला, जिंकण्यापेक्षा हरलाच जास्त. मग तो डेट्रॉईट सोडून मिनेसोटाला गेला. २७ ऑक्टोबर १९९१. वर्ल्ड सीरिजचा सातवा, शेवटचा सामना, अटलांटा विरुद्ध मिनेसोटा. एकीकडे २४ वर्षांचा स्मोल्ट्झ आणि दुसरीकडे मॉरिस, वय ३६! बरोबर अलेक्झांडर डेट्रॉईटला आला तेव्हा होता तेवढाच. स्मोल्ट्झने सात डावांपेक्षा जास्त पिचिंग केलं, एकही धाव दिली नाही. पण मॉरिस दहा डाव उभा राहिला, आणि मिनेसोटा १-० जिंकली. 'संपलेले' खेळाडू असेही असतात.

दुसरी २००९ सालची. आता स्मोल्ट्झ स्वतः ४२ वर्षांचा. बॉस्टनकडून खेळताना २ विजय, ५ पराभव, सरासरी ८.३३. बॉस्टनने ऑगस्टमध्ये त्याला काढून टाकलं. सेंट लुईसची टीम बाद फेरीच्या वाटेवर होती आणि तिला एक पिचर हवा होता. घ्यावा का या म्हाताऱ्याला? तिथल्या घराघरांत जेवताना भांडणं झाली असतील, तुमच्या काकांकडे झाली तशीच. टीमने घेतला. पहिले काही सामने खेळताना त्याने एका सामन्यात ओळीने सात फलंदाज उडवले. एकूण सात सामने सुरू केले, एक जिंकला, तीन हरला. हंगाम संपला आणि स्मोल्ट्झही थांबला.

आता तुमची पाळी. समजा १२ ऑगस्ट १९८७ आहे आणि टायगर्सचे मालक तुम्ही आहात. पुढचं काहीच ठाऊक नाही. समोर दोन कागद : एकावर ५ विजय, १० पराभव, वय ३६. दुसऱ्यावर ४ विजय, १० पराभव, वय २०. टायगर्स १९८४ नंतर २०२५ पर्यंत एकदाही वर्ल्ड सीरिज जिंकले नाहीत, हे मात्र तुम्हाला मी गुपचूप सांगून ठेवतो. सही कराल? पोस्टकार्डावर दहा ओळींत लिहून पाठवा, कारणासकट. आई-बाबांचं मत वेगळं असलं तर त्यांचंही त्याच कार्डावर खाली येऊ द्या. निवडक पत्रं पुढच्या महिन्यात इथेच.

आणि पत्रलेखक दोस्ता, दादाला एवढंच कळव : पुढच्या वेळी काका 'स्मोल्ट्झ' म्हणाले की तू शांतपणे 'व्हरलँडर' म्हण, आणि वरणभात पुढे ओढ.